शेतकरी कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्टसाठी पॅलेट साठवण पद्धतीची निवड

सोयाबीन, तूर, हरभरा यांची पोती हमालांकडून थप्पीत लावून घेण्याऐवजी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट वापरण्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्यांचा कल वाढत आहे. मालाची हाताळणी जलद होते, पोती कमी फाटतात आणि लॉट वेगळे ठेवता येतात. मात्र यंत्र आल्यावर त्याच गोदामात पूर्वीइतका माल मावत नाही, ही बाब बहुतेक वेळा खरेदी झाल्यानंतर लक्षात येते. म्हणून आधी साठवण पद्धत ठरवावी, त्यानुसार पॅलेट निवडावे आणि शेवटी फोर्कलिफ्ट व रॅकची मागणी नोंदवावी.

## निवडीपूर्वीचे चार प्रश्न

- एका वेळी किती वेगवेगळे लॉट सांभाळायचे आहेत? प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा ठेवायचा, की प्रतवारी करून एकत्र करायचा, यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो.
- माल किती दिवस पडून राहणार? शेतमाल तारण कर्जासाठी ठेवलेला माल साधारण सहा महिने हलत नाही. प्रक्रियेसाठी आलेला माल आठवड्यात बाहेर पडतो. दोन्हींसाठी एकच पद्धत योग्य ठरत नाही.
- आधी आलेला माल आधी बाहेर जाणे किती महत्त्वाचे आहे? बियाणे, डाळ, पॅकिंगचा माल यांत हे आवश्यक असते.
- गोदामाची वापरता येणारी उंची किती? पत्र्याची नव्हे, तर कैची किंवा बीमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. दिवे आणि पंखे लटकत असल्यास तेवढी उंची वजा करावी.

## पॅलेटचे माप पोत्यावरून ठरवा

बाजारात १२०० × १००० मिमी मापाचे पॅलेट सहज मिळते. खोकी, क्रेट आणि २५ ते ३० किलोच्या पिशव्यांसाठी ते चांगले आहे. धान्याच्या ५० किलोच्या पोत्यांसाठी मात्र आधी मोजमाप करावे.

भरलेले पोते आडवे ठेवून लांबी, रुंदी आणि जाडी मोजावी. समजा पोते ९० × ५० सेंमी असून जाडी २० सेंमी आहे. अशी दोन पोती शेजारी-शेजारी आणि तिसरे त्यांच्या डोक्याशी आडवे लावले, तर एका थराला १४० × १०० सेंमी जागा लागते. पुढच्या थरात हीच रचना उलट दिशेने केली की सांधे एकमेकांवर येत नाहीत आणि थर घट्ट बसतात. म्हणजे या पोत्यासाठी १४०० × १००० मिमीचे पॅलेट योग्य ठरते. हेच तीन-तीन पोत्यांचे थर १२०० मिमीच्या पॅलेटवर लावले, तर पोती २० सेंमी बाहेर लोंबतात. ती शेजारच्या पॅलेटला किंवा रॅकच्या खांबाला घासून फाटतात. मागणी देण्यापूर्वी गोदामाच्या फरशीवर खडूने चौकोन आखून पोती प्रत्यक्ष रचून पाहावीत.

वरील पॅलेटवर ६ थर, म्हणजे १८ पोती किंवा ९०० किलो माल बसतो. पॅलेटसह उंची सुमारे १.३५ मीटर होते.

पॅलेट घेताना आणखी काय पाहावे?

- फोर्क कोणत्या बाजूने जातात: १४०० मिमीच्या लांब बाजूने फोर्क घातल्यास मालाचे भारकेंद्र मास्टपासून ५०० मिमीवर राहते. १००० मिमीच्या बाजूने घातल्यास ते ७०० मिमीवर जाते आणि यंत्राची उचलण्याची सुरक्षित क्षमता कमी होते.
- तळाच्या फळ्या: पॅलेटवर पॅलेट चढवायचे असल्यास तळाला रुंद फळ्या हव्यात. त्या नसतील तर वरच्या पॅलेटचे पाय खालच्या पोत्यांत रुततात. परंतु तळ पूर्ण बंद असेल तर हॅण्ड पॅलेट ट्रकची चाके जमिनीला टेकत नाहीत. दोन्ही कामे असतील तर चाकांसाठी मोकळी जागा सोडलेला तळ निवडावा.
- तीन वेगवेगळ्या क्षमता: पॅलेट जमिनीवर स्थिर असताना, फोर्कवर उचललेले असताना आणि रॅकच्या दोन बीमवर टेकलेले असताना वेगवेगळा भार पेलते. तिसरी क्षमता सर्वांत कमी असते. रॅकसाठी प्लॅस्टिक पॅलेट घ्यायचे असल्यास रॅकवरील क्षमता लेखी मागावी. साधे प्लॅस्टिक पॅलेट मध्यभागी वाकते.
- निर्यातीचा माल: द्राक्ष किंवा अन्य माल लाकडी पॅलेटवरून परदेशी जाणार असल्यास लाकडावर आयएसपीएम-१५ प्रक्रियेचा शिक्का लागतो. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअस आणि सलग ३० मिनिटे ठेवावे लागते. शिक्का नसलेले पॅलेट गोदामाबाहेर पाठवू नये.

सर्व पॅलेट एकाच मापाचे ठेवावेत. व्यापाऱ्याकडून आलेले वेगळ्या मापाचे पॅलेट मिसळले की ओळी वाकड्या होतात आणि जागा वाया जाते.

## फोर्कलिफ्टनुसार पॅसेज

यंत्राला वळून पॅलेट उचलण्यासाठी जेवढा पॅसेज लागतो, तेवढी जागा साठवणुकीतून कमी होते.

- काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट (दीड ते अडीच टन): साधारण ३.५ ते ४ मीटर पॅसेज. गोदामाबाहेरील अंगणातही चालते. तीन चाकी विद्युत प्रकाराला थोडी कमी जागा लागते.
- रीच ट्रक: साधारण २.७ ते ३ मीटर पॅसेज. जास्त उंचीवर काम करते, पण सपाट व गुळगुळीत फरशी लागते. खडबडीत अंगणात नेता येत नाही.
- विद्युत स्टॅकर: साधारण २.२ ते २.५ मीटर पॅसेज. वेग कमी, किंमतही कमी. दिवसाला मोजकी पॅलेट हलवणाऱ्या लहान गोदामासाठी पुरेसे ठरते. मात्र घेतलेला नमुना आपल्या पॅलेटच्या तळाशी जुळतो का, हे पाहावे.

ही मापे अंदाजासाठी आहेत. अंतिम आखणी निवडलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकातील पॅसेजनुसार, आपल्या पॅलेटचे माप सांगूनच करावी.

बंद गोदामात खाद्यमालासाठी विद्युत यंत्रच घ्यावे. डिझेल यंत्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड कामगारांना घातक असतो आणि धुराचा वासही मालाला लागतो. गावात वीजपुरवठ्याच्या वेळा ठरलेल्या असतील तर चार्जिंग कधी होणार, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

## साठवणुकीच्या प्रमुख पद्धती

१. जमिनीवर पॅलेटवर पॅलेट: रॅकचा खर्च नाही. पोत्यांच्या मालासाठी दोन पॅलेटची उंची सुरक्षित धरावी. एका रांगेत एकामागे एक तीन-चार पॅलेट राहतात, त्यामुळे मागचे पॅलेट काढण्यासाठी पुढची सर्व काढावी लागतात. एका रांगेत एकच लॉट ठेवावा आणि रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय नवा माल लावू नये. अन्यथा जुना माल मागे अडकून राहतो.

२. खांबांच्या लोखंडी चौकटी: पॅलेटच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी खांब असतात. वरचा भार पोत्यांवर न येता खांबांवर येतो, त्यामुळे तीन चौकटी एकावर एक ठेवता येतात. हंगाम संपला की चौकटी सोडवून किंवा एकात एक घालून बाजूला ठेवता येतात. भाड्याच्या गोदामासाठी ही पद्धत सोयीची आहे.

३. सिलेक्टिव्ह रॅक: प्रत्येक पॅलेटला स्वतंत्र जागा असते. कोणतेही पॅलेट इतरांना न हलवता काढता येते. अनेक लॉट, अनेक वाण किंवा अनेक शेतकरी असतील तर ही पद्धत उपयुक्त आहे. पॅसेज मात्र जास्त लागतात.

४. ड्राइव्ह-इन रॅक: फोर्कलिफ्ट रॅकच्या आत शिरते. कमी जागेत जास्त माल बसतो, पण शेवटी ठेवलेला माल आधी निघतो. पॅलेट एकसारखी, मजबूत आणि चालक कुशल हवा. एकाच प्रकारचा भरपूर माल असेल तरच विचार करावा.

५. सरकते रॅक: रॅकच्या ओळी रुळांवर सरकतात आणि हवा तेथे एकच पॅसेज उघडला जातो. भांडवली खर्च मोठा असल्याने साध्या धान्य गोदामासाठी परवडत नाही. शीतगृहात प्रत्येक घनमीटर थंड ठेवण्याचा खर्च असतो, तेथे या पद्धतीचा हिशेब जुळू शकतो.

## एका गोदामाचा हिशेब

आतून ३० × १५ मीटर आणि वापरण्यायोग्य उंची ५.५ मीटर असलेले गोदाम घेऊ. पॅलेट १४०० × १००० मिमी, त्यावर ९०० किलो माल. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टसाठी पॅसेज ३.६ मीटर आणि भिंतीपासून अंतर सुमारे ०.७५ मीटर.

| पद्धत | पॅलेटची संख्या | एकूण माल | स्वतंत्र जागा |
|---|---|---|---|
| हमालांची थप्पी, १५ थर | – | सुमारे ४५० टन | थप्प्यांइतक्या |
| जमिनीवर २ पॅलेट उंच, ४ खोल | २८८ | सुमारे २५९ टन | ३६ रांगा |
| लोखंडी चौकटी ३ उंच, ४ खोल | ३८४ | सुमारे ३४६ टन | ३२ रांगा |
| सिलेक्टिव्ह रॅक, ३ मजले | १९२ | सुमारे १७३ टन | १९२ |

थप्पीसाठी फरशीचा ६० टक्के भाग वापरात धरला आहे. चौकटींसाठी प्रत्येक रांगेची रुंदी थोडी जास्त धरली आहे. रॅकसाठी चार ओळी, दोन पॅसेज आणि एका टोकाला आडवा पॅसेज धरला आहे.

या तक्त्यावरून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, केवळ टनांचा विचार केला तर कमी उंचीच्या गोदामात हमालांच्या थप्पीला तोड नाही. सहा महिने न हलणारा एकाच प्रतीचा माल असेल, तर फोर्कलिफ्ट आणि रॅकवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

दुसरी, लॉट लहान असतील तर चित्र उलटते. समजा प्रत्येक शेतकऱ्याचा २ टन माल वेगळा ठेवायचा आहे. त्याला ३ पॅलेट लागतात. जमिनीवरील पद्धतीत एका रांगेत ८ पॅलेटची जागा असते, पण दुसऱ्याचा माल मिसळायचा नसल्याने ५ जागा रिकाम्या राहतात. ३६ रांगांत ३६ शेतकऱ्यांचा ७२ टन माल बसतो. रॅकमध्ये मात्र १९२ जागांत ६४ शेतकऱ्यांचा १२८ टन माल बसतो. कागदावर कमी क्षमतेचे वाटणारे रॅक येथे प्रत्यक्षात जास्त माल सांभाळते.

तिसरी, महागडे यंत्र घेतले म्हणून जागा वाढतेच असे नाही. या १५ मीटर रुंदीत रीच ट्रक घेऊन पॅसेज २.९ मीटर केला, तरी रॅकची पाचवी ओळ बसत नाही. गोदामाची रुंदी जुळत असेल तरच अरुंद पॅसेजचा फायदा मिळतो. म्हणून आपल्या गोदामाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून ओळी मोजाव्यात.

अनेक कंपन्यांसाठी मिश्र रचना सोयीची ठरते. प्रतवारी करून एकत्र केलेला मोठा माल जमिनीवर किंवा चौकटीत, तर लहान लॉट, बियाणे व पॅकिंगचा माल एका बाजूच्या रॅकमध्ये ठेवावा.

## पिकानुसार पद्धत

- सोयाबीन, हरभरा, तूर: प्रतवारी केलेल्या मोठ्या लॉटसाठी जमिनीवरील रांगा किंवा चौकटी. सोयाबीन १२ टक्के किंवा त्यापेक्षा कमी ओलाव्यावरच साठवावे. ओला माल पॅलेटवर ठेवला म्हणून टिकत नाही.
- बियाणे: वाण आणि लॉट क्रमांक वेगळे राहणे अत्यावश्यक असल्याने सिलेक्टिव्ह रॅक. बियाण्याच्या पोत्यांवर जास्त भार देऊ नये.
- हळद: शेतकऱ्यागणिक प्रत आणि दर बदलत असल्याने लहान लॉटसाठी रॅक. वास लागू नये म्हणून कीटकनाशके व खते यांपासून दूर ठेवावी.
- बेदाणा: शीतगृहात अनेक शेतकऱ्यांची खोकी असतात. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत. कोपऱ्याच्या उभ्या पट्ट्या आणि बांधणी वापरावी.
- निर्यातीची द्राक्षे: खोक्यांची छिद्रे एका रेषेत येतील अशी उभी रचना करावी, म्हणजे थंड हवा आरपार जाते. ४० फुटी शीत कंटेनरमध्ये साधारण २० ते २१ पॅलेट बसतात. त्या पटीत लॉट तयार ठेवावेत.
- कांदा: दीर्घ साठवणुकीसाठी पोत्यांची पॅलेट रचू नयेत. हवा खेळती राहील अशा जाळीच्या बिनचा वापर करावा.
- खते: खाद्यमालापासून पूर्ण वेगळ्या खोलीत. खताच्या ओलाव्याने रॅकचे लोखंड गंजते, म्हणून जमिनीवरील पॅलेट पद्धत बरी.

## फरशीची तपासणी

वरील उदाहरणात रॅकच्या एका खान्यात प्रत्येक मजल्यावर दोन पॅलेट, म्हणजे १.८ टन माल असतो. तळमजला जमिनीवर टेकतो. वरच्या दोन मजल्यांचा ३.६ टन भार खांबांवर येतो. मधल्या चौकटीच्या प्रत्येक खांबावर सुमारे १.८ टन भार तळहाताएवढ्या पट्टीतून फरशीत उतरतो. थप्पीचा भार पसरलेला असतो, हा भार एका बिंदूवर असतो. शहाबादी फरशी किंवा पातळ कोबा यासाठी बनलेला नसतो. रॅक बसवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून फरशीची जाडी व मजबुती तपासून घ्यावी. रॅकचे खांब बोल्टने फरशीला पक्के करावेत आणि पॅसेजच्या टोकाच्या खांबांना लोखंडी संरक्षक बसवावेत.

रॅकवर प्रत्येक मजल्याची सुरक्षित भारक्षमता मराठीत ठळक लिहावी. वाकलेला खांब हातोडीने सरळ करून वापरू नये. तो भाग रिकामा करून बदलून घ्यावा.

फोर्कलिफ्टच्या मास्टची उंचीही तपासावी. वरील रॅकचा तिसरा मजला सुमारे ३.२ मीटरवर सुरू होतो. ३ मीटर उचलणारे सर्वसाधारण मास्ट तेथे पोहोचत नाही. तसेच मास्ट बंद असताना यंत्र गोदामाच्या दारातून आत जाते का, हे मोजून पाहावे.

## धुरीकरणाची सोय

ही बाब रॅक घेताना हमखास विसरली जाते. जमिनीवरील पॅलेटची रांग ताडपत्रीसारख्या धुरीकरणाच्या आच्छादनाने झाकून कडा वाळूच्या पिशव्यांनी बंद करता येतात. रॅकभोवती असे हवाबंद आच्छादन घालणे अवघड असते. मग संपूर्ण गोदाम हवाबंद करावे लागते किंवा रॅकमध्ये चढवण्यापूर्वीच मालाचे धुरीकरण करावे लागते. त्यासाठी दाराजवळ दोन-तीन रांगांची मोकळी जागा राखून ठेवावी.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडचे धुरीकरण केवळ अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसांना प्राणघातक असून तांब्यालाही गंज चढवतो. त्यामुळे विद्युत फोर्कलिफ्ट, चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक काटा धुरीकरणापूर्वी बाहेर काढावा.

## सुरक्षितता आणि कामगार

- प्रशिक्षित चालकाशिवाय कोणालाही यंत्र चालवू देऊ नये. किल्ली चालकाकडेच असावी.
- माल घेऊन जाताना फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंमी उंचीवर आणि मास्ट किंचित मागे झुकलेला ठेवावा. माल वर उचलून वळण घेऊ नये.
- उतारावरून भरलेले यंत्र उतरवताना मागे चालवत उतरावे, म्हणजे माल चढाच्या बाजूला राहतो.
- फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस उभा करून वर चढवू नये. उचललेल्या मालाखाली कोणी उभे राहू नये.
- चालण्याची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी आखावी.
- बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. चार्जिंगची जागा हवेशीर आणि ज्वालारहित असावी.

शेतकऱ्याकडून माल सुट्या पोत्यांत येतो आणि बहुतेक ट्रकचे फाळके लक्षात घेता आत फोर्कलिफ्ट शिरत नाही. त्यामुळे ट्रकमधून पॅलेटवर पोती रचण्याचे काम हमालांचेच राहते. कमी होते ते डोक्यावर ओझे घेऊन उंच थप्पीवर चढणे. माथाडी कामगारांची नोंदणी असलेल्या ठिकाणी १९६९ च्या माथाडी अधिनियमाच्या चौकटीत, कामाची नवी वाटणी आणि दर यांबाबत यंत्र येण्यापूर्वीच चर्चा करावी.

## खर्चाचा निर्णय

फोर्कलिफ्टचा वार्षिक खर्च (कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार, वीज, देखभाल, बॅटरी बदलण्याची तरतूद) काढून तो वर्षभरात आत-बाहेर होणाऱ्या टनांनी भागावा. येणारा आकडा सध्याच्या प्रतिटन हमालीतील प्रत्यक्ष बचतीशी ताडून पाहावा. हमाली पूर्ण वाचते असे धरू नये. हंगामातील दोन महिनेच गर्दी असेल, तर यंत्र भाड्याने घेणे किंवा स्टॅकर आणि हॅण्ड पॅलेट ट्रकवर भागवणे परवडते.

कर्ज घ्यायचे असल्यास कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर कमाल ७ वर्षे ३ टक्के व्याज सवलत आहे. रॅक आणि हाताळणी यंत्रे आपल्या प्रकल्प अहवालात बसतात का, याची बँकेकडून आधी खात्री करावी.

## विस्तार कार्यकर्त्यांसाठी तपासणी सूची

१. भरलेल्या पोत्याचे माप घेऊन पॅलेटवर रचना करून पाहिली का?
२. वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवशी किती लॉट होते, हे आवक नोंदवहीतून काढले का?
३. गोदामाचा नकाशा काढून किमान दोन पद्धतींचा टन आणि लॉट असा दुहेरी हिशेब केला का?
४. पॅसेज निवडलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकाशी ताडला का?
५. फरशी, दाराची उंची आणि मास्टची उचल तपासली का?
६. धुरीकरण कोठे व कसे होणार, हे ठरले का?
७. प्रत्येक जागेला क्रमांक देऊन तो गोदाम नोंदवहीत आणि पावतीवर लिहिण्याची पद्धत ठरली का?

सातवा मुद्दा बिनखर्चाचा आहे. ओळ, खाना आणि मजला असा क्रमांक पॅलेटवर आणि नोंदवहीत असेल, तर शेतकरी पावती घेऊन आल्यावर त्याचा माल काही मिनिटांत समोर येतो. ही शिस्त थप्पीच्या गोदामातही आजच सुरू करता येते. त्यातून जमणाऱ्या एका हंगामाच्या नोंदी पुढे योग्य पद्धत निवडण्यासाठी सर्वांत भरवशाचा आधार ठरतात.